सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांचा स्वस्त प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की पासाचे प्रश्न सुरू होतात, ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तिकिटांचे आणि डिसेंबरात सहलींचे. प्रश्न वेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी असते. सवलत गाडीत बसल्यावर मिळत नाही. ती आधी खिडकीवर मिळते आणि खिडकीवर कागद लागतो. कंडक्टरशी वाद घालून कुणाचे दहा रुपये वाचल्याचं ऐकिवात नाही, बोनाफाईड, म्हणजे शाळा-कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, वेळेत काढलेल्यांचे मात्र वर्षाला हजारो वाचतात. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पाठवलेलेच आहेत, फक्त सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

१. एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे नक्की किती स्वस्त?

मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया तुम्ही भरता. शाळा, कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक अशा मान्यताप्राप्त संस्थांच्या विद्यार्थ्यांना हा पास मिळतो. तो घर ते शाळा-कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. तासगाव ते सांगली पास असेल तर त्यावर मिरजेला मावशीकडे जाता येत नाही. सांगलीच्या पुढचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्या हिशेबाने पासाची रक्कमही वाढली. मोठ्या भावाने दिलेल्या जुन्या आकड्यावर विसंबून घरातून मोजके पैसे घेऊन निघू नका.

२. मुलींना पास फुकट असतो ना? मग माझ्याकडे पैसे का मागितले?

बहुधा तुम्ही बारावी ओलांडली आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत घर ते शाळा असा एसटीचा मोफत पास मिळतो. योजना आधी दहावीपर्यंत होती, नंतर बारावीपर्यंत वाढवली. एफवाय किंवा डिप्लोमाला गेलात की ती संपते आणि प्रश्न १ मधला एक-तृतीयांश रकमेचा पास लागू होतो.

अकरावी-बारावीच्या मुलींनी एक लक्षात ठेवावं. ज्युनिअर कॉलेज सीनिअर कॉलेजच्याच आवारात असतं, त्यामुळे बोनाफाईडवर इयत्ता स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘या महाविद्यालयात शिकत आहे’ असा दाखला नेला तर खिडकीवरचा माणूस तुम्हाला डिग्रीची समजणार आणि त्यात त्याची काही चूक नाही.

३. पासाला कागद काय काय लागतात? पास शाळेतच मिळतो म्हणे?

चालू वर्षाचं बोनाफाईड किंवा शाळेच्या सही-शिक्क्याचा पासाचा अर्ज, फोटो, आधार कार्ड आणि पत्ता जुळणारा कागद. अर्ध्या फेऱ्या पत्त्यामुळे वाया जातात. आधारवर आजोळचा पत्ता आणि पास मात्र आत्याच्या गावाहून मागितला, तर खिडकीवर अडकणारच. आधी शाळेच्या ऑफिसात राहण्याचा खरा पत्ता नोंदवून घ्या.

शाळेत पास मिळण्याची गोष्ट खरी आहे. ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ या मोहिमेत शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला दिली की एसटीचे कर्मचारी शाळेत येऊन पास देतात. पण यादी शाळेने द्यायची असते. ज्या शाळेचं ऑफिस यादी वेळेत देतं तिथे पोरं पहिल्याच आठवड्यात पासावर असतात, बाकीची स्टँडवर रांगेत. वर्गशिक्षकांच्या मागे लागायला लाजू नका.

४. मी बीएस्सीला आहे. महिलांना तिकीट अर्धं झालंय, मग पास काढायची गरजच काय?

हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण उत्तर तुमच्या वेळापत्रकावर आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत ५० टक्के सवलत आहे, तिला कुठलाही पास लागत नाही. विद्यार्थी पासात सवलत जास्त, पण पैसे महिन्याचे एकदम जातात आणि न गेलेल्या दिवसांचेही जातात.

पासाची रक्कम खिडकीवर विचारा. तिला रोजच्या येण्याजाण्याच्या अर्ध्या तिकिटांच्या बेरजेने भागा. उदाहरण म्हणून धरा, पास ६०० रुपयांचा आणि जाऊन-येऊन अर्धं तिकीट ४० रुपये. उत्तर आलं १५. महिन्यात पंधरापेक्षा जास्त दिवस कॉलेजला जाणार असाल तर पास, नाहीतर रोजचं अर्धं तिकीट. आठवड्याला तीनच दिवस प्रॅक्टिकल असणाऱ्या मुलींना बऱ्याचदा तिकीटच परवडतं. नोव्हेंबर आणि मे महिन्यांत तर सगळ्यांनीच हा भागाकार करावा. सुट्टीच्या तोंडावर पूर्ण महिन्याचा पास काढणं म्हणजे महामंडळाला देणगी.

मुलांसाठी हा प्रश्नच नाही. त्यांना रोजचं तिकीट पूर्ण आहे, पास काढाच.

५. विद्यार्थी पासावर शिवशाहीत बसता येतं का?

नाही. विद्यार्थी पास साध्या गाडीचा, म्हणजे लालपरीचा असतो. महिलांची ५० टक्के सवलत मात्र शिवशाही-शिवनेरीलाही चालते. दोन्ही एकत्र वापरण्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

६. रेल्वेचा पास एसटीपेक्षा स्वस्त पडतो का?

मार्गावर रेल्वे असेल तर हो, आणि फरक थोडाथोडका नाही. रेल्वेचा मासिक पास मुळात स्वस्त. त्यात विद्यार्थ्याला तो निम्म्या दरात मिळतो. वयाची अट २५, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना २७ आणि संशोधन करणाऱ्यांना ३५ वर्षं. तीन महिन्यांचा पास काढला तर तीन मासिक पासांपेक्षा आणखी कमी पडतो.

अंतराची मर्यादा १५० किलोमीटर. त्यामुळे मिरज ते कोल्हापूर, सांगली ते कराड, सांगली ते सातारा हे मार्ग बसतात. सांगली ते पुणे पास निघत नाही. साताऱ्याची मंडळीही विचारतात, त्यांच्यासाठी सांगतो : सातारा ते पुणे रेल्वेने १४५ किलोमीटर आहे, जेमतेम का होईना, मर्यादेत बसतं. रोज जाऊन-येऊन शिकावं का, हा वेगळा विषय.

७. मुलींना रेल्वेचा पास ग्रॅज्युएशनपर्यंत फुकट असतो, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे, आणि या पानावरची सर्वांत कमी वापरली जाणारी सवलत हीच. घर ते शाळा-कॉलेज या मार्गाचा सेकंड क्लासचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत आहे. म्हणजे जयसिंगपूरहून मिरजेला किंवा भिलवडीहून सांगलीला डिग्रीसाठी येणारी मुलगी एसटीला पैसे भरत असेल, तर तिने निदान एकदा रेल्वेच्या खिडकीवर चौकशी करायला हवी.

कॉलेजच्या ऑफिसकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. काही ऑफिसांत ‘असलं काही नसतं’ असं उत्तर मिळतं. तेव्हा न भांडता रेल्वेच्या खिडकीवरून नमुना विचारून आणा आणि पुढे ठेवा. ऑफिसवाल्यांनाही तो पहिल्यांदाच दिसत असतो.

८. रेल्वेच्या पासावर कोणत्या गाड्यांत बसायचं?

डेमू, पॅसेंजर आणि एक्सप्रेसचा जनरल डबा. स्लीपर किंवा आरक्षित डब्यात पास चालत नाही, डबा रिकामा असला तरी नाही. सुपरफास्ट गाडीसाठी पासावर वेगळा अधिभार भरलेला हवा. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सहसा सुपरफास्ट समजा. वंदे भारतला पास नाही. सप्टेंबर २०२४ पासून ती सांगली-मिरजेत थांबते, पण आपल्यासाठी ती फलाटावरून बघायची गाडी.

पासासोबत ओळखपत्र जवळ हवंच. ओळखपत्र नसेल तर पास असूनही विनातिकीट धरतात.

९. एवढं सगळं राहू द्या. एसटी की रेल्वे, एकच सांगा.

एकच सांगता येत नाही, गाव सांगा मग सांगतो. तरी नेहमीचे मार्ग असे आहेत.

जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर या बाजूला रेल्वे निर्विवाद. मिरज स्टेशन गावातच आहे, मेडिकल कॉलेजही जवळ. भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी या पट्ट्यातल्यांनी आधी गाडीची वेळ आणि कॉलेजची वेळ शेजारी लिहून बघावी. जुळलं तर रेल्वे, नाही तर पास कितीही स्वस्त असला तरी पहिला तास रोज बुडणार. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ हा पंढरपूरचा मार्ग. रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. इकडच्या बऱ्याच जणांचं सकाळी रेल्वे आणि परतताना एसटी असं चालतं. त्यात रेल्वेचा पास आणि एसटीचं एका बाजूचं तिकीट अशी बेरीज होते, ती एकदा मांडून बघा.

तासगाव, विटा, जत, आष्टा, शिराळा यांना पर्याय एसटीच. जत रोड नावाचं स्टेशन नकाशात दिसतं म्हणून आनंदून जाऊ नका, ते जत गावापासून लांब आहे. ईश्वरपूर म्हणजे पूर्वीचं इस्लामपूर, तिकडच्या इंजिनिअरिंगवाल्यांनाही एसटीच. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर तिच्यावर अख्खं शिक्षण निघतं. ती सकाळची पहिली फेरी बंद पडली तर ग्रामपंचायतीचं आणि शाळेचं पत्र मिळून आगारप्रमुखांकडे द्यावं. एकट्या विद्यार्थ्याच्या तक्रारीपेक्षा तीस सह्यांच्या पत्राचा परिणाम लवकर दिसतो.

आता कराड आणि सातारा. तिकिटावर रेल्वे स्वस्त दिसते, पण कराडचं स्टेशन ओगलेवाडीला आणि साताऱ्याचं माहुलीला. दोन्ही गावापासून काही किलोमीटर बाहेर. उतरल्यावर रिक्षाला जे जातं त्यात वाचलेलं सगळं संपतं. कॉलेज स्टेशनच्या बाजूला असेल किंवा चौघं मिळून रिक्षा करणार असाल तरच रेल्वे. एकटे असाल तर एसटी स्टँडवर सोडते, तिथून पायी.

१०. सांगलीत राहून मिरजेत शिकतो. रोजचं काय करायचं?

सांगली-मिरज शहरी बस एसटीच चालवते, पासही तिचाच. विलिंग्डन किंवा वालचंद कॉलेजला येणाऱ्यांना विश्रामबाग हे रेल्वे स्टेशनही आहे, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. गाडी थांबते का ते बघूनच त्यावर बेत आखा.

११. वडाप स्वस्त नाही का पडत? वेळेवर तरी मिळतं.

एका फेरीला पडतंही. महिन्याला नाही. वडापला, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या खासगी जीपला, पास नाही, सवलत नाही, आणि गाडी भरल्याशिवाय ती हलत नाही, म्हणजे ‘वेळेवर’ हाही भ्रमच. सहा जणांच्या जागी अकरा जण, त्यात मागे पाय बाहेर काढून लटकलेली दोन पोरं. अशा गाडीचा अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवणं घरच्यांना फार जड जातं. एसटी चुकली, परीक्षा आहे, अशा वेळी वडाप हवंच. रोजचा पर्याय म्हणून नको.

१२. सायकल, स्कूटी यांचा विचार करू का?

सांगली सपाट आहे, कृष्णाकाठचं गाव. पाच-सात किलोमीटरपर्यंत सायकलीला तोड नाही, आणि पास, रांग, बोनाफाईड कशाचीच कटकट नाही. साताऱ्यात चढ-उतार बघून ठरवा. यवतेश्वरच्या बाजूला राहत असाल तर येताना मजा, जाताना धाप.

स्कूटीबद्दल पालकांसाठी : १८ पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि पकडली गेली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढ्या पैशांत किती वर्षांचे पास निघतील ते तुम्हीच बघा.

१३. शिकायला पुण्यात आहे, घर सांगलीला. महिन्यातून एकदा येण्याजाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग?

रेल्वेचा जनरल डबा, त्याखाली काही नाही. एक उपयोगाची गोष्ट : २०० किलोमीटर आणि त्यापुढच्या अंतराचं जनरलचं तिकीट खिडकीवर तीन दिवस आधीही काढता येतं. पुणे-सांगली त्यात बसतं. शुक्रवारी संध्याकाळच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा बुधवारी कॉलेजहून परतताना काढून ठेवा. यापेक्षा कमी अंतराचं तिकीट मात्र त्याच दिवशी आणि ठरावीक वेळात वापरावं लागतं.

जनरलला उभं राहून जायचं नसेल तर कोयना, महालक्ष्मी किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसचं स्लीपर बघा. आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवसांचं होतं, म्हणून अजूनही काही जण चुकीची तारीख धरून बसतात. तत्काळमध्ये कसलीही सवलत नसते.

एसटीने जायचं तर मुलींना अर्धं तिकीट आहेच, स्वारगेटहून साधी गाडी धरली की त्यांना रेल्वेची फारशी उणीव भासत नाही. मुलांसाठी १ जुलै २०२५ पासून १५० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाच्या आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सवलत आहे. ती पूर्ण भाडं भरणाऱ्यांनाच मिळते आणि गर्दीच्या हंगामात नसते. दिवाळीत मागू नका.

मोठ्या सुट्टीत मूळ गावी जाण्यासाठी विद्यार्थ्यांना एसटीत ५० टक्के सवलत असते. परीक्षेला किंवा शैक्षणिक शिबिराला जाताना आणि आजारी आई-वडिलांना भेटायला जातानाही ती आहे. प्राचार्यांच्या सहीचा दाखला लागतो. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात गर्दी असते, आठवडाभर आधी मागा.

१४. कॉलेज फार लांब आहे, नागपूरला. रेल्वेची काही सवलत?

आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी विद्यार्थ्यांना सेकंड क्लास आणि स्लीपरमध्ये ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. कोविडच्या वेळी रेल्वेने बऱ्याच सवलती बंद केल्या, ज्येष्ठ नागरिकांची त्यात गेली, विद्यार्थ्यांची राहिली. लोकांनी दोन्ही एकच समजून विद्यार्थ्यांची सवलत मागणंच सोडून दिलं.

सवलत मूळ भाड्यावर असते, आरक्षण शुल्कावर नाही. आणि ती ऑनलाइन मिळत नाही. संस्थेने भरून दिलेला रेल्वेचा छापील दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं. दाखल्यावर लिहिलेली दोन स्टेशनं म्हणजे घर आणि कॉलेज, मधेच दुसरीकडे जायला तो वापरता येत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीहून थेट नागपूरला जाते, एवढ्या लांबच्या प्रवासात निम्मं भाडं म्हणजे जेवणाखाण्याचा खर्च निघाला.

१५. महिला म्हणून ५० टक्के आणि विद्यार्थिनी म्हणून ५० टक्के, मग फुकट का नाही?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी वाचून हसू येतं, पण विचारणारी हुशार असते. सवलतीवर सवलत मिळत नाही, एका तिकिटावर एकच. त्यामुळे सुट्टीच्या ५० टक्क्यांचा दाखला मुलींनी काढण्यात अर्थ नाही, तो मुलांच्या कामाचा. दिव्यांग विद्यार्थिनींनी मात्र आपली सवलत धरावी. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सूट आहे आणि अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के.

सोबत आजी-आजोबा असतील तर ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट. प्रवेशाच्या दिवशी बाबांना रजा मिळत नसेल तर आजोबांना घेऊन चला, खर्च वाचतो आणि त्यांचाही दिवस बरा जातो.

१६. मी एमपीएससीसाठी सांगलीत अभ्यासिका लावली आहे. पास मिळेल?

अभ्यासिका किंवा खासगी क्लास ही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था नाही, त्यांच्या दाखल्यावर विद्यार्थी पास मिळत नाही. सोबत एमए किंवा दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाला खरोखर प्रवेश असेल तर त्या कॉलेजच्या बोनाफाईडवर, त्या कॉलेजच्या मार्गाचा मिळतो. नुसत्या पासासाठी कुठेतरी नाव घालायचा सल्ला आम्ही देणार नाही. फी आणि पास यांची वजाबाकी केली तर तो सल्ला तोट्याचाही आहे. प्रश्न ७ आणि ६ मधल्या रेल्वे सवलतींनाही हीच अट. विद्यार्थी नसलेल्यालाही रेल्वेचा साधा मासिक पास पूर्ण दरात निघतो, मार्गावर असाल तर तो बघा.

१७. कॉलेजची सहल एसटीने स्वस्त पडते का?

शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत आहे. शाळा-कॉलेजच्या नावाने अर्ज, विद्यार्थ्यांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं असं सगळं आगारात द्यावं लागतं. चार मित्रांनी ‘सहल’ म्हणून मागितली तर मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी फार, तारीख दिवाळीआधीच पक्की करा. क्लासच्या सहलीबद्दल उत्तर प्रश्न १६ सारखंच.

१८. ‘आवडेल तेथे प्रवास’ पास विद्यार्थ्यांनी घ्यावा का?

चार किंवा सात दिवसांचा पास, तेवढ्या काळात एसटीने कितीही फिरा. मुलांनी लांबचा दौरा ठरवला असेल, म्हणजे सांगलीहून कोकण, तिथून नाशिक वगैरे, तर फायद्याचा. एका जागी मुक्काम करणाऱ्याला तोट्याचा. मुलींना अर्ध्या तिकिटामुळे तो क्वचितच परवडतो, आधी तिकिटांची बेरीज करून बघा.

१९. एका दिवसात, कमी पैशांत जाऊन येण्यासारखं काय?

रेल्वेने भिलवडी, तिथून औदुंबर. ताकारीला उतरून सागरेश्वर अभयारण्य, पाणी आणि डबा सोबत घेऊन. सायकल असेल तर हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, खर्च शून्य. साताऱ्याला गेलात तर अजिंक्यतारा शहरातूनच पायी चढता येतो, सज्जनगडाला स्टँडवरून एसटी. कासला ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं असतात, तेव्हा प्रवेशासाठी आधी नोंदणी करून आणि शनिवार-रविवार टाळून जा. रविवारी फुलांपेक्षा गाड्या जास्त दिसतात.

२०. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले दुप्पट-तिप्पट मागतात. त्याला काही लगाम?

आहे, कागदावर पक्का आहे. राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे खासगी बसने त्याच दर्जाच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. तक्रार आरटीओकडे करायची. तिकिटाचा स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर आणि तारीख जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. मात्र पैसे परत येतील या हिशेबावर तिकीट काढू नका. तारीख माहीत असेल तर प्रश्न १३ मधलं ६० दिवसांचं गणित पाळणं जास्त खात्रीचं.

२१. घरचा डबा एसटीने येऊ शकतो का? पूर्वी यायचा म्हणे.

अजूनही येतो. विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबे एसटी मोफत नेते, ही महामंडळाच्या अधिकृत सवलतींतली एक आहे. हिला प्रवासाची सवलत म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. पण खोली घेऊन राहणाऱ्या पोराचा मेसचा खर्च बहुतेकदा पासापेक्षा मोठा असतो, म्हणून ही इथे घातली. डब्यावर नाव, गाव आणि फोन नंबर पक्क्या रंगाने लिहा, गाडी आली की स्टँडवर हजर राहा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत वेळेवर चढवा. झाकण घट्ट हवं, आमटी सांडली की दुसऱ्या दिवसापासून कंडक्टर तुमचा डबा घ्यायला नाखूश.

२२. पावसाळ्यात पाणी वाढलं की काय करायचं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चाळिशीकडे निघालं की नदीकाठच्या फेऱ्या एकेक करून बंद होऊ लागतात, कुठली आधी हे गावच्या लोकांना ठाऊक असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा शहरच तुटलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावांतल्यांनी तीन महिन्यांऐवजी एकाच महिन्याचा पास काढावा. आणि धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की हॉस्टेलला राहायचं की घरी जायचं हे आदल्या दिवशीच ठरवावं, स्टँडवर जाऊन नव्हे.

२३. मिरजेहून अथणी, चिकोडी, बेळगावला जाताना अर्ध्या तिकिटाचं काय होतं?

महाराष्ट्राच्या एसटीत महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. सीमेपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण, असा हिशेब होतो. कर्नाटकच्या गाड्यांत महिलांना मोफत प्रवास देणारी शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी. महाराष्ट्राच्या आधारवर ती मिळत नाही. घर कर्नाटकात आणि कॉलेज मिरजेत असलेल्या मुलींनी मिरजेला येणाऱ्या गाडीत ती चालते का आणि कुठपर्यंत, हे आधी विचारून घ्यावं. या मार्गावर रोज ये-जा असेल तर दोन्ही बाजूंच्या डेपोत पासाची रक्कम विचारून घ्या. बेळगावच्या बाजूला रेल्वे आहे, त्यामुळे तिकडच्या मुलींनी आधी प्रश्न ७ बघावा. अंतर १५० किलोमीटरच्या आत असलं की रेल्वेच्या पासाला राज्याची सीमा आडवी येत नाही.